लाल फीत

“हेल्मेट, बूट, पाठीवरची पाण्याची पिशवी, सगळं अंगावर चढव आणि बस गाडीवर,” एव्हारिस्तोकाका म्हणाले.

लेआंद्रो बसला. काका मागच्या चाकापाशी उकिडवे झाले आणि त्यांनी टेप लावली. गाडी किती दबते ते मोजून झाल्यावर त्यांनी शॉकअपची स्प्रिंग दोन आटे आवळली.

“वजन वाढवलंस की रे! लग्नाआधीच सासूच्या हातचं सुरू झालं वाटतं.”

लेआंद्रो हसला खरा, पण काकांकडे न बघता.

सान फेलिपेमध्ये वाळूतल्या शर्यतीसाठी मोटरसायकल तयार करून घ्यायची तर ती एव्हारिस्तोकाकांकडूनच. हँडल वळवळू नये, पुढचं चाक वाळूत रुतू नये, टायर काट्यांनी बसू नये, सगळं त्यांच्या बोटांना ठाऊक. उद्याच्या शर्यतीत उतरणाऱ्या उलिसेसची आणि बाल्तासारची गाडी तयार होऊन भिंतीशी उभी होती. लेआंद्रो मात्र गेलं वर्षभर या पत्र्याच्या शेडकडे फिरकला नव्हता. काल काकांनीच निरोप पाठवला, ‘गाडी घेऊन ये.’ नाही म्हणावं तर गाव विचारणार, का रे बाबा?

भिंतीवर नेरेओचा फोटो होता. काकांचा एकुलता एक मुलगा.

“उद्या नेरेओला जाऊन वर्ष होईल,” काका हात पुसत म्हणाले. “शर्यतीच्या आदल्या दिवशी वाटेची पाहणी करायला तुम्ही तिघंच गेला होतात ना रे? नेरेओ तेव्हा इथं माझ्याबरोबर इंजिन उघडून बसला होता.”

“हो काका.”

“आणि फीत कुणी बांधली, ते कुणालाच माहीत नाही.”

“धुळीत पांगलो होतो काका. कुणाचंच कुणाकडे लक्ष नव्हतं.”

काका एअर फिल्टर तेलात बुडवून पिळत राहिले.

या वाळवंटात एक खोड आहे. शर्यत आली की गावातले टगे वाटेत खड्डे खणतात, गाड्या उडताना बघायला गंमत वाटते मेल्यांना. म्हणून सरावात ज्याला खड्डा आधी दिसेल त्याने तिथल्या झुडपाला लाल फीत बांधायची. फितीवर सगळे डोळे मिटून विश्वास टाकतात. गेल्या वर्षी सुकलेल्या ओढ्यापाशी, जिथे वाटेला दोन फाटे फुटतात, तिथे डावीकडचा खड्डा आधी दिसला तो लेआंद्रोला. आणि फीत त्याने बांधली उजवीकडे, म्हणजे मागून येणारा डावीकडेच वळणार.

नेरेओ सगळ्यांत पुढे सुटणार होता. पडेल, हात मोडेल, शर्यत हुकेल, एवढंच लेआंद्रोच्या मनात होतं. देवाशपथ एवढंच. पण नेरेओची मान मोडली.

“हं, झाली तयार,” काका म्हणाले. “आता एक लक्षात ठेव. ओढ्यापाशी डावीकडूनच जा. उजवीकडे खड्डा आहे.”

लेआंद्रोने मान वर केली. “फीत बांधलीय का?”

“फितीचं नाव काढू नकोस माझ्यापुढं.” काकांनी पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “मी सांगतोय ना? उद्या तिथंच उभा असेन, पाणी घेऊन.”

घरी आल्यावर लेआंद्रोने सगळी गाडी खोलून पाहिली. ब्रेकची नळी, चाकाचा नट, साखळी, थ्रॉटलची तार. कुठेही खोट सापडेना. इतकी चांगली गाडी त्याच्या बुडाखाली कधी आलीच नव्हती. यानेच त्याला जास्त घाम फुटला. म्हाताऱ्याला सगळं कळलं असणार, पण तो गाडीत काही करणार नाही. तो आपल्याला डावीकडच्या खड्ड्यात पाठवणार, जिथे पोरगा गेला तिथेच.

सकाळी उलिसेस सुटला, मिनिटाने बाल्तासार, मग लेआंद्रो. गाडी वाळूच्या उंचवट्यांवरून लोण्यासारखी धावत होती. काय हात होता म्हाताऱ्याचा! क्षणभर त्याला वाटलं, शर्यत संपली की जावं, काकांचे पाय धरावेत आणि सगळं सांगून टाकावं.

मग ओढा दिसला. वारा पडला होता. पुढच्या दोघांची धूळ दोन्ही फाट्यांवर लोंबत होती आणि महिनाभराच्या सरावाने दोन्ही वाटा सारख्याच उकरलेल्या होत्या. फीत कुठेच नव्हती. डावीकडे नेरेओचा क्रूस होता आणि त्याच्याशेजारी एव्हारिस्तोकाका उभे होते. ते दोन्ही हातांनी डावीकडे खुणावत होते. एकसारखे, घाईघाईने.

“एवढा बावळट नाही मी,” लेआंद्रो हेल्मेटच्या आत पुटपुटला आणि त्याने हँडल उजवीकडे वळवलं.

पुढचं चाक अचानक अधांतरी गेलं.

डोळे उघडले तेव्हा तो खड्ड्याच्या तळाशी उताणा पडला होता. तोंडात वाळू होती. पाय हलवायला गेला तर पाय आहेत की नाहीत तेच कळेना. शेजारी गाडीचं मागचं चाक अजून फिरत होतं.

वर, खड्ड्याच्या काठाशी, काका येऊन उकिडवे बसले. हातात पाण्याची बाटली होती.

“काका,” लेआंद्रो कण्हला, “तुम्ही... खरंच सांगितलं होतं?”

“तिघांनाही हेच सांगितलं होतं, पोरा,” काका म्हणाले. “ते दोघं माझ्या शब्दावर डावीकडून गेले.”