हाव, लई

"सोयरिकीची बैठक पुढं ढकलायची न्हाई. इंटरनेट म्हणजे काय, आपल्या ओसरीसारखं झालंय आता. मी काठमांडूहून बसतो बैठकीला," असं शिवशंकरनं उदगीरच्या मोंढ्यात भेटेल त्याला सांगितलं. लेकीलाही सांगितलं, "गीतांजली, तुझं नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय. ते पुरं करू देत असतील तर सोयरीक, न्हाई तर न्हाई. मी तोंडावर बोलतो त्यांच्या." आणि तो आडत्यांच्या टूरबरोबर पशुपतिनाथाला गेला.

सरहद्द ओलांडली आणि सिमनं मान टाकली. हॉटेलचं वायफाय फक्त जिन्यात लागायचं, आणि जिन्यात टूरमधली सगळी जोडपी घरी फोटो पाठवून राहिली होती. शेवटी ऐन बैठकीच्या टायमाला तो बोळातल्या एका इंटरनेट कॅफेत घुसला.

"हजुर?" कॅफेवाली बाई म्हणाली. तिकडं सगळ्यांनाच तसं म्हणतात. पण शिवशंकरच्या घराण्यात निजाम असतानाही कुणाला कुणी हजूर म्हटलेलं नव्हतं. तो छाती काढून खुर्चीत बसला.

पडद्यावर उदगीरचं घर आलं. मेहुणा हनुमंतनं फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. मधे नवऱ्या मुलाचे चुलते वीरभद्र अप्पा, पुढ्यात पानसुपारीचं ताट. कडेला बायको चांगुणा. पाटावर मान खाली घालून गीतांजली.

"काय पाहुणे, थंडी हाय का तिकडं?" अप्पांनी विचारलं.

"हाव, लई!" शिवशंकर ओरडला.

तिकडं कुणी हललं नाही. त्यांचा आवाज इकडं नीट येत होता. ह्याचा आवाज मात्र वाटेत कुठंतरी चहा पिऊन मग पोचत होता. अप्पांनी जरा वाट पाहिली आणि मुद्द्यावर आले.

"आमच्यात सुना शिकायला बाहेर जात न्हाईत. लग्न झालं की कॉलेज बंद. चालतंय का?"

"हाव, लई!" तांब्याजवळून आवाज आला.

बैठक खूश झाली. "दिलदार माणूस हाय," कुणीतरी म्हणालं. चांगुणानं चमकून फोनकडं पाहिलं, पण बोलली नाही. बैठकीत बायका बोलत नसतात.

काठमांडूत शिवशंकर खुर्चीतून उठला. "न्हाई! न्हाई! न्हाई!" त्यानं माईक जवळजवळ तोंडात घातला. "पोरगी शिकणार! न्हाई तर जमणार न्हाई!" शेजारी बंदुकीचा गेम खेळणारे गोळ्या थांबवून त्याच्याकडं बघू लागले.

अप्पांनी अडकित्ता उचलला. रिवाजाप्रमाणे सगळ्यांवरून नजर फिरवली. "बोला, कुणाची काही हरकत?"

"न्हाई! न्हाई! न्हाई!" तांब्याजवळून आवाज आला. बाकीचं वाक्य वाटेतच कुठंतरी गळालं.

"दाजी तीन तीनदा म्हणाले," हनुमंत म्हणाला. "आता कुणाची वाट बघून राहिलात? फोडा."

सुपारी फुटली. तो आवाज काठमांडूला अगदी स्वच्छ पोचला.

शिवशंकरनं दिसेल ते बटण दाबलं. त्याच्या डोक्यावर मांजराचे कान उगवले, नाकाखाली मिशा आल्या. त्यानं दोन्ही हात जोडले, "थांबा, अप्पा, पाया पडतो, थांबा!" त्यातला शब्दही गेला नाही. मांजर तेवढं हात जोडताना दिसलं.

"लई हौशी पाहुणे मिळाले," अप्पा पोट धरून हसले. "नमस्कार, नमस्कार!" सगळ्या बैठकीनं मांजराला उलट हात जोडले. हनुमंतनं पेढ्यांचा बॉक्स फोडला.

सगळी माणसं पेढ्यांकडं वळली तशी गीतांजली पाटावरून उठली. फोनपाशी येऊन वाकली. तिचं तोंड पडद्यावर मोठं झालं, ओठ हलले, आणि चित्र गेलं.

शिवशंकर काळ्या पडद्याकडं बघत उभा राहिला. ह्या वेळी तिकडचा आवाजही चित्राच्या मागं राहिला होता, तो आता आला.

"पप्पा, एकदा तरी न्हाई म्हणायचं की."