वेणीचा गुन्हा

जिन्याखाली, सायकलींच्या मागे, कॅप्टनने पिल्लूची बॅग उलटी केली. पाण्याची बाटली पडली, हातमोजे पडले आणि शेवटी बाहुली.

बाहुलीच्या केसांची वेणी घातलेली होती. ताजी, घट्ट, टोकाला लाल रबर.

“हे काय रे?”

पिल्लू म्हणजे टीममधलं सगळ्यांत लहान पोर. सुटलेल्या नाडीवर दुसरा बूट ठेवून ते उभं होतं.

“वेणी कुणी घातली?”

“मी.”

मुंगूस फिसकन हसलं. अंगाने किडकिडीत आणि जिभेने तिखट, म्हणून त्याला मुंगूस म्हणत. “तरीच परवा बॉल लागला तर डोळे पुसत होतास. मुलगी कुठली.”

“घाम पुसत होतो.”

“तुझा घाम नाकातून गळतो का रे?”

पोरं खिदळली.

थोड्या वेळात पलीकडच्या इमारतीशी मॅच होती. पिल्लूला पहिल्यांदाच गोलकीपर केलं होतं. मनगटाशी ढगळ होणारे ते हातमोजे रात्रभर उशाशी घेऊन झोपलं होतं बिचारं.

कॅप्टनने खिशातून कात्री काढली. हस्तकलेच्या तासाची, बोथट टोकांची.

“वेणी काप. मग गोलमध्ये उभा राहा.”

“नाही कापली तर?”

“तर घरी बस हिला मांडीवर घेऊन. आपल्याला टीममध्ये बायकी पोरं नकोत.”

पिल्लूने कात्री घेतली. वेणी चिमटीत धरली. “काप, काप,” मागून कुणीतरी ताल धरला. कात्री उघडली. तशीच राहिली. मग मिटली.

पिल्लूने बाहुली बॅगेत ठेवली, झोपलेलं बाळ ठेवावं तशी. हातमोजे उचलले नाहीत.

“मी जाते.” हळू, पण स्पष्ट.

मुंगसाला चेव चढला.

“ऐकलंत का? जाते म्हणे! जाते!”

“जाते, जाते, जाते,” सगळ्यांनी एकच गिल्ला केला. पिल्लू खालमानेने जिना चढू लागलं. कॅप्टनने हातमोजे पायाने उडवून सायकलींखाली ढकलले.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून कॅप्टनची आई वाकली.

“अगं ए पोरींनो, सगळ्या मिळून एकटीला काय छळताय? आणि तू गं, पुढारीणबाई, आधी वर ये.”

“आले गं, आई,” कॅप्टन म्हणाली.