वीस मार्चपर्यंत

युद्ध वीस मार्चला हरणार, असं भाकीतयंत्राने सांगितलं होतं आणि यंत्र आजवर एकदाही चुकलं नव्हतं. तरीही सयाजीला परमुलखातल्या त्या आघाडीवर न्यायला सुभेदार शितोळे फेब्रुवारीतच दारात आले होते. बाहेर जीपचा हॉर्न थांबत नव्हता.

औक्षणाचं ताट हातात धरून सयाजीच्या आईने, पारूबाईने विचारलं, "हरायचं ठरलंय न्हवं, भावजी?"

"ठरलंय, वहिनी."

"मग माझं पोरगं कशाला?"

"आत्ताच माघार घेतली तर देशाची अब्रू जाईल. वीस तारखेपर्यंत माणसं लागणारच." सुभेदारांनी घड्याळ पाहिलं. "उरका लवकर."

पारूबाईने लेकाला मागे सारलं. सुभेदारांच्या कपाळाला कुंकू लावून तिने त्यांनाच ओवाळलं.

"जावा," ती म्हणाली, "गाडी थांबलीय."