दुसरा लिफाफा

"एकच लिफाफा आला तर आम्ही तो उघडत नाही," असं म्हणून इस्पितळाच्या कारकुनाने चादरी धुण्याची निविदा दुसऱ्यांदा रद्द केली.

लाँड्रीवाल्या बाईंनी न फोडलेला लिफाफा परत पर्समध्ये ठेवला. त्यात अकरा पानं होती. 'उत्तम सेवा', 'सदैव तत्पर' असलं काही नव्हतं. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात का काढायचा, गाडी बंद पडली तर गाठोडी कोण आणणार, सगळं लिहिलेलं. काम मिळालं नाही तर महिनाअखेर दुकान बंद, एवढंच लिहिलं नव्हतं. हाताखालच्या तिघींना मात्र ते ठाऊक होतं.

तिसऱ्या खेपेला बाई रस्ता ओलांडून समोरच्या लाँड्रीत गेल्या. तिथल्या मालकाशी त्यांचा बारा वर्षं अबोला होता. कारण दोघांनाही आठवत नव्हतं, पण सवय झाली होती. त्याच्याकडे दोन अवाढव्य यंत्रं होती आणि गिऱ्हाईक नव्हतं. पांढरे शर्ट गुलाबी करून देण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

निविदा भरा, फक्त हरण्यापुरती, असं बाईंनी सरळच सांगितलं.

"ताई, मला असलं लिहिता येत नाही."

"मी लिहिते. तुम्ही सही करा."

बाई वाईट लिहायला बसल्या. पण गार पाण्याच्या जागी गरम पाणी लिहायला पेन वळेना. अकराची तेरा पानं झाली. मालकाने ती सहीसाठी नेली आणि दोन दिवस ठेवून घेतली. विचारलं तर म्हणाला, वाचतोय. बाईंना हसू आलं.

ठरल्या दिवशी लिफाफे उघडले. काम समोरच्या लाँड्रीला. यंत्रं मोठी, आणि इतकी चोख निविदा समितीने आजवर पाहिली नव्हती, असं कारकुनाने वाचून दाखवलं.

बाई उठल्या. समोरच्याचं अभिनंदन करावं, तर तो मान वर करेना. तिघींना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत त्या दारापर्यंत पोचल्या.

"थांबा," कारकून म्हणाला. "शेवटच्या पानावर यांनी स्वतःच्या अक्षरात भर घातलीय. धुलाई तुम्ही आणि तुमच्या तिघी करणार, यांनी फक्त यंत्रांची बटणं दाबायची. बसा ताई, तुमची सही राहिलीय."