पुतळाबाईची शेवळं

केसरीनाथ शेठनी पहिला घास घेतला, तेव्हा कुठे हिरामणचा जीव भांड्यात पडला. सकाळपासून त्याला चैन नव्हती. दहादा ओटीवर, दहादा परसात. पोटात अन्नाचा कण नाही. वकिलांचे कागद पाटावर तयार होते, शाईची डबी उघडून ठेवली होती. जेवणं उरकली की आईचा अंगठा घ्यायचा, आणि खाडीकडची पाणथळ झाडी शेठना गोदामासाठी द्यायची. अख्ख्या काल्हेरात गोदामं झाली, ज्याच्या त्याच्या दारात ट्रक उभे राहिले. हिरामणच्या दारात काय, तर चिखल!

सातबारा पुतळाबाईच्या नावावर होता. तीन वेळा विचारलं, तीन वेळा ती "न्हाय" म्हणाली. का, तर त्या झाडीत जेठ महिन्यात शेवळाचे जांभळे कोंब उगवतात! आता रानभाजीपायी कोणी सौदा अडवतं का? हिरामण चिडून गावभर सांगत फिरला, "आयेला काय कलतंय? म्हातारीचं डोकं फिरलंय." चौथ्या वेळी मात्र ती वाद घालायला गेली नाही. "पावन्यांना जेवायला बोलव," एवढंच म्हणाली. आज उजाडताच स्वतः चिखलात उतरून ओटीभर शेवळं घेऊन आली. शेठना तर शेवळं म्हणजे जीव की प्राण.

दुसऱ्या घासाला शेठ थांबले. तिसऱ्याला खाकरले. मग एका हाताने घसा धरून दुसऱ्या हाताने पाणी मागू लागले. शेजारी वकील जीभ बाहेर काढून बसले होते.

"अरे हिरामण, घशात सुया टोचतायत! काकडं घातली नाहीत की काय?"

शेवळं नुसती शिजवली तर घसा ओरबाडून काढतात. काकडाची आंबट फळं ठेचून त्यांचा रस घातला की ती खाज मरते. हे इथे कालच्या सुनेलाही ठाऊक असतं. आणि पुतळाबाईच्या हातची शेवळं खायला तर दापोड्याहून माणसं यायची.

हिरामण चुलीकडे धावला. "आये, काकडं?"

"कसली काकडं?" पुतळाबाई म्हणाली.

वकिलांनी गुळाचा खडा तोंडात धरूनच विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"तुमी शिकलेली मानसं. तुमीच सांगा."

शेठ उठले. "गावात ऐकलं होतं, ते खरंच की. हिला भानच नाही. उद्या तुझ्या बहिणी कोर्टात उभ्या राहिल्या तर हा अंगठा घेऊन मी काय करू?"

"शेठ, देवाशपथ, तिला सगलं कलतं!" हिरामण ओरडला.

"मग गावभर उलटं का सांगत होतास?"

वकिलांनी डबी मिटली. जीप वळली, धुरळा नाही की काही नाही, चिखल उडवत निघून गेली.

हिरामण चुलीपुढे येऊन मटकन बसला. गोदाम गेलं, त्याची आग होतीच. पण आता मनात वेगळीच भीती शिरली. आपणच चिडून बोललो, आणि ते खरं झालं? जिने उभ्या गावाला शेवळं शिकवली तिला काकडं आठवत नाहीत? मग उद्या काय विसरेल? एवढा दांडगा गडी, पण त्याला रडू आवरेना.

"आये, मना वलखतेस ना गं?"

पुतळाबाईने फडताळातून झाकून ठेवलेलं लहानसं मडकं काढलं. भाकरी मोडली, त्यावर भाजी वाढली. शेवळं बघताच हिरामणने ताट मागे सरकवलं.

तिने ते परत त्याच्यापुढे सारलं.

"खा रं. सकालपास्नं उपाशी हायेस," ती म्हणाली. "तुज्या भाजीत काकडं हायेत."