दीडशे मीटर

"पुलापासून जकात कचेरीच्या गच्चीपर्यंत दीडशे मीटर तरी अंतर असेल," तिने लॅपटॉपवरून मोठ्याने वाचलं. "एवढ्या अंतरावरून माणसाचा चेहरा, हात लांब करून धरलेल्या खसखशीच्या दाण्याएवढा दिसतो. तीन हजारांच्या मोर्च्यातला असा एक दाणा आपल्या प्रेयसीचा आहे हे ओळखून गच्चीवरचा शिपाई बंदूक खाली घेतो, आणि त्यावर आपण रडावं अशी दिग्दर्शकाची अपेक्षा आहे."

टेबलापलीकडे बाबा बटाटे सोलत होते. सिनेमाचं परीक्षण पेपरला पाठवण्याआधी बाबांना वाचून दाखवायचं, ही तिची पहिल्यापासूनची पद्धत. बाबा सिनेमे बघत नसत. त्यांना समजलं की कुणालाही समजेल, असा तिचा हिशोब. ते "चालेल" म्हणाले की ती पाठवायची. आज सहापर्यंत पाठवायचं होतं. साडेपाच झाले होते.

"बाकीच्यांनी काय लिहिलंय?" आईने गॅसजवळून विचारलं.

"सगळे विरघळलेत. पाचपैकी पाच तारे. क्रांतीच्या दिवसांतली अमर प्रेमकथा. एकाने तर लिहिलंय, तो पुलावरचा प्रसंग बघताना आपण तिथेच होतो असं वाटलं. तेव्हा त्याचा जन्म तरी झाला होता का?"

"तुझे बाबा होते की तेव्हा लष्करात. त्यांना विचार." आई हसली. "पण ते काय सांगणार? दोन वर्षं भटारखान्यात बटाटे सोलत होते. आणि ही सालं बघ. अर्धा बटाटा सालीबरोबर गेला."

हा घरातला जुना विनोद होता. एरवी बाबाही हसायचे.

"अंतर बरोबर धरलंयस," ते म्हणाले. "पण ओळखू येतं."

"नाही येत हो बाबा. मी गणित करून बघितलंय. नाक-डोळे दिसणारच नाहीत."

"नाहीच दिसत. डोक्याला रुमाल होता. तोंडही झाकलेलं." सुरी थांबली होती. "चालण्यावरून ओळखू येतं. लहानपणी झाडावरून पडलेलं माणूस डावा पाय जरा उशिरा उचलतं. एवढ्या पायांत तो एकच पाय उशिरा उचलला जातो. एकदा तो दिसला की मग दुसरं काही दिसत नाही."

"सिनेमातली मुलगी लंगडत नाही," ती म्हणाली. म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं, की बाबांनी सिनेमा पाहिलेलाच नाही.

आईने गॅस बंद केला. पातेल्यातल्या पाण्याची उकळी बसली.

"मग, बाबा?" तिने विचारलं.

"मग काय. पुढचं वाच."

तिने पडद्याकडे पाहिलं. शेवटचं एकच वाक्य उरलं होतं. दुपारी ते सुचलं तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली होती. आता तिने ते हळू आवाजात वाचलं.

"ओळख पटली म्हणून बंदूक खाली घेणारा शिपाई फक्त पडद्यावर असतो."

बाबांनी मान हलवली.

"ते खसखशीचं काढून टाक," ते म्हणाले. "शेवटचं राहू दे. बरोबर आहे ते." आणि थोड्या वेळाने, "चालेल."

तिचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. पावणेसहा झाले होते.

आई टेबलाशी आली. तिने त्यांच्या बोटांतून सुरी सोडवून घेतली. "द्या इकडे," ती म्हणाली. "तुम्हाला कधी येत होतं हे?"

ती उभ्यानेच सोलू लागली. कागदासारखी पातळ साल न तुटता खाली उतरत गेली. बाबांचा रिकामा हात टेबलावर होता तसाच राहिला, तर्जनी जराशी आत वळलेली.