बघण्यासारखं काय आहे

पहिलीच चीन सहल, दिवस आठ आणि शहरं निवडायची तीन. भावाने आणि वहिनीने जेवणाच्या टेबलावर नकाशा असा काही पसरला होता, जणू तो देश यांच्याच वाटणीला आलाय. बीजिंगला भिंत, शिआनला मातीचे सैनिक, शांघायला उंच इमारती. लाल पेनाची मेहेरबानी एकेका शहरावर होत होती.

ताईने कालच विणून संपवलेला स्वेटर मांडीवर घेत हळूच म्हटलं, "माझा लेक राहतो ते शहर शांघायपासून रेल्वेने दोनच तास आहे रे. चार वर्षं झाली, घरी आला नाही. जमलं तर एवढा स्वेटर..."

"ताई, तिथे नुसते कारखाने. बघण्यासारखं काय आहे तिथे?"

"आणि स्वेटर बॅगेत जागा किती खातो, वन्सं," वहिनीने री ओढली.

ताईने स्वेटर घडी करून पिशवीत ठेवला आणि ती निघाली.

"थांब गं," व्हिसाचा फॉर्म पुढे ओढत भाऊ म्हणाला, "भाच्याचा पत्ता तेवढा सांगून जा. तिकडे कुणाला भेटायला चाललोय, ते लिहायचंय."